लेझरची आच मंद का ठेवावी लागते

संक्रांतीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या राजेंद्रनगरच्या घरात हलव्याची परात निघते. आई आता ऐंशीच्या घरात आहे, पण हलवा विकत आणणं तिला अजून पटत नाही. इंदूरची थंडी हलव्याला मानवते, असं ती म्हणते. शेगडीत जेमतेम निखारे, वर परात, परातीत मूठभर तीळ. चमचाभर पाक सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. मग पुढचा चमचा. असं तासन्‌तास चालतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकेका तिळावर पांढरेशुभ्र काटे उभे राहतात.

यंदा परातीशेजारी माझी भाची बसली होती. ती एमएस्सी करतेय आणि तिचा प्रोजेक्ट एका पातळ थरावर आहे. जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम या तीन मूलद्रव्यांचं संयुग काचेवर चढवायचं, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतकं पातळ. त्यावर लेझरचा झोत क्षणभर पाडायचा आणि तेवढ्या जागी पदार्थाचा स्फटिक झाला का ते बघायचं. तिनं मोबाइलवर सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो दाखवला. राखाडी पार्श्वभूमीवर ओळीनं चमकदार ठिपके होते. डावीकडून उजवीकडे लेझरची पॉवर वाढवत नेली होती. उजवीकडच्या चार ठिपक्यांच्या मधोमध काळसर डाग होता, डोळ्यातल्या बाहुलीसारखा.

"मावशी, तापवलं की सगळं विस्कटायला हवं ना? बर्फ तापवला की पाणी होतं. मग इथे तापवल्यावर अणू उलट शिस्तीत कसे येतात? आणि पॉवर वाढवली तर स्फटिक आणखी चांगला व्हायला हवा, मग मधे हा डाग कसला?"

मी काही बोलायच्या आत आई परातीतून मान वर न करता म्हणाली, "निखारे काढ गं थोडे. काटे बसायला लागले."

भाचीला मी जे सांगितलं तेच इथे लिहितेय, जरा सविस्तर. मी पंचवीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आहे, आणि हा विषय मला मनापासून आवडतो, कारण रोजच्या स्वयंपाकघरात दिसणारी गोष्ट इथे एका सेकंदाच्या काही कोटींव्या भागात घडते.

बर्फाचं उदाहरण इथे लागू पडत नाही, कारण बर्फ आधीच स्फटिक आहे. त्याचे रेणू रांगेत उभे आहेत. तापवलं की रांगा मोडण्याखेरीज दुसरं काही होण्याजोगं नाही. भाचीच्या काचेवरचा थर मात्र सुरुवातीलाच विस्कटलेला आहे, आणि विस्कटलेल्या अवस्थेत गोठलेला आहे.

अशा अवस्थेला अस्फटिक म्हणतात. साखरेत दोन्ही अवस्था बघायला मिळतात. खडीसाखर म्हणजे स्फटिक, रेणू कवायतीला उभे असल्यासारखे. चिक्कीसाठी साखर वितळवून ताटावर ओतली की तीही घट्ट होते, पण तिच्यात रांगा नसतात. वितळलेले असताना रेणू जसे वेडेवाकडे होते, तसेच अडकून पडतात. म्हणून ती पारदर्शक, काचेसारखी तडकणारी. आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही, भौतिकशास्त्रात अशा घन पदार्थाला काचच म्हणतात. खिडकीची तावदानं याच जातीची.

अस्फटिक पदार्थाला स्फटिक होण्याची ओढ असते. रांगेत उभं राहण्यात अणूंची ऊर्जा कमी असते, आणि निसर्गात सगळं उतारानं खाली जातं. पण उतार असून उपयोग काय, पायच जखडलेले. लिमलेटच्या गोळ्यांची बरणी पावसाळ्यात उघडी राहिली तर काय होतं आठवा. स्वच्छ पारदर्शक गोळी आधी चिकट होते, मग काही दिवसांत पांढुरकी, रवाळ होते. त्या गोळीतली साखर पहिल्या दिवसापासून स्फटिक व्हायला टपलेली होती, हवेतला ओलावा आत शिरला आणि रेणूंना हलायला जागा मिळाली. भाचीच्या थरात ओलाव्याचं हे काम उष्णता करते. शिस्त उष्णता लावत नाही, ती अणूंची स्वतःचीच असते. उष्णता फक्त त्यांचे पाय मोकळे करते.

आता ही उष्णता प्रकाशातून येते कशी ते बघू.

लेझरचा प्रकाश स्वतः गरम नसतो. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत प्लास्टिकच्या आत असाच थर असतो; तोच झोत त्या डीव्हीडीच्या प्लास्टिकमधून आरपार जातो आणि प्लास्टिकला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रकाश जिथे शोषला जातो तिथेच उष्णता होते, आणि तो शोषायचा की नाही हे त्या पदार्थातले इलेक्ट्रॉन ठरवतात. लाल लेझरचा एक प्रकाशकण, ज्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटींवा भाग) आहे, सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा घेऊन येतो. प्लास्टिकमधल्या इलेक्ट्रॉनला जागचं उठायला याच्यापेक्षा बरीच जास्त ऊर्जा लागते, म्हणून तो या कणाकडे ढुंकूनही बघत नाही. आपल्या थरातल्या इलेक्ट्रॉनला अर्ध्या-पाऊण इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये उठता येतं. तो प्रकाशकण सबंध गिळतो आणि गरजेपेक्षा किती तरी वर जाऊन बसतो. वरची शिल्लक ऊर्जा तो शेजारच्या अणूंना धक्के देत काही पिकोसेकंदांत उधळून टाकतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटींवा भाग. अणू थरथरायला लागतात, आणि अणूंची थरथर म्हणजेच तापमान.

लागणारी पॉवर ऐकून माझे विद्यार्थी दरवर्षी चकित होतात: दहा मिलिवॅटच्या आसपास. फळ्यावर दाखवायला वापरतो त्या पॉइंटरच्या दोन-तीन पट फार तर. पण हा झोत भिंगातून एक मायक्रोमीटरभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या, जागेत गोळा होतो. दहा मिलिवॅट एका चौरस मायक्रोमीटरवर पडले, तर मे महिन्यातल्या भर दुपारच्या उन्हापेक्षा त्या ठिपक्यावर सुमारे एक कोटी पट तीव्र प्रकाश असतो. लहानपणी भिंगाखाली कागद जाळला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. थर काही दशक नॅनोमीटर जाड असला तरी यातला बराचसा प्रकाश तेवढ्यातच शोषला जातो, आणि तापवायला पदार्थ इतका थोडा असतो की पन्नास-शंभर नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटींवा भाग) शेकडो अंशांची मजल गाठता येते.

इथपर्यंत भाचीचं डोकं चाललं होतं. पुढचं थोडं अवघड आहे, पण खरी गंमतही तिथेच आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

स्फटिक व्हायला दोन गोष्टी लागतात, ओढ आणि मोकळीक. आणि तापमान वाढवलं की या दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेनं जातात. थंड असताना ओढ भरपूर, पण मोकळीक शून्य. अणू जागचे हलत नाहीत, थर वर्षानुवर्षं तसाच राहतो. तापवत गेलं की मोकळीक झपाट्यानं वाढते, ओढ मात्र हळूहळू ओसरते. या संयुगाचा द्रवणांक सहाशे अंश सेल्सिअसच्या थोडा वर आहे. तिथे पोचलं की ओढ संपते, द्रवाला आणि स्फटिकाला ऊर्जेच्या दृष्टीनं सारखंच होतं. त्याच्यावर गेलं तर असलेल्या रांगाही मोडतात. म्हणजे स्फटिकीभवन दोन्ही टोकांना जवळपास बंद असतं आणि मधे कुठेतरी ऐन जोरात असतं. या पदार्थासाठी ती मधली जागा चारशे अंशांच्या आसपास आहे.

पुस्तकं वाचणारा इथे हमखास अडखळतो. पुस्तकात या संयुगाचं स्फटिकीभवनाचं तापमान दीडशे अंशांच्या आसपास दिलेलं असतं. मग चारशे कुठून आले? दोन्ही आकडे खरे आहेत. दीडशेचा आकडा भट्टीत मिनिटाला काही अंश या गतीनं सावकाश तापवून मिळतो. तिथे अणूंच्या हाताशी मिनिटंच्या मिनिटं असतात, तेव्हा जेमतेम मोकळीकही पुरते. लेझरखाली तापमान सेकंदाला शेकडो कोटी अंशांच्या गतीनं चढतं. दीडशेवर थर एखादा नॅनोसेकंदही रेंगाळत नाही, अणूंना काही करायला सवड मिळायच्या आत तो पुढे गेलेला असतो. मंद आचेवर दुधाला जाड साय धरते आणि मोठ्या आचेवर साय धरायच्या आत दूध उतू जातं, तसंच हे. किती अंशांना स्फटिक होतो हे विचारताना किती वेळ दिला तेही सांगावं लागतं. तापमानाचा आकडा एकटा सांगितला तर तो अर्धवट असतो, आणि हे वर्गात मी पुन्हा पुन्हा सांगते.

आता रांगा सुरू कुठून होतात? विस्कटलेल्या अणूंमध्ये थरथरताना चुकून चार-सहा अणू योग्य जागी येतात. एवढासा पुंजका बहुतेक वेळा परत मोडतो, कारण त्याचे जवळजवळ सगळे अणू काठावरच असतात आणि काठ सांभाळणं महागात पडतं. पण योगायोगानं एखादा पुंजका ठराविक आकाराच्या पुढे गेला की मग तो मोडत नाही, वाढतच जातो. तो झाला बीज. आईच्या परातीत हे काम तीळ करतो. तीळ न घालता नुसता पाक फिरवत बसलं तर साखर सुटेल, पण कशी आणि कुठे याचा भरवसा नाही. प्रत्येक तीळ म्हणजे पाकाला दिलेला आयता पत्ता, इथे येऊन बस म्हणून.

पदार्थ बदलला की सवय बदलते. भाचीच्या जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियममध्ये बिजं भराभर आणि ठिकठिकाणी पडतात, ठिपका आतूनच बारीक बारीक दाण्यांनी भरून येतो. सीडी-आरडब्ल्यूमध्ये, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीत, चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचं मिश्रण वापरत. त्यात बिजं पडायला वेळ लागतो, पण एकदा कड मिळाली की स्फटिक दौडत सुटतो. भोवतीच्या स्फटिक भागाची कड आत सरकत येते आणि अस्फटिक डाग कडेकडून मिटत जातो.

दौडत म्हणजे किती? जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियममध्ये मोजलेला वाढीचा सर्वाधिक वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास आहे. म्हणजे राजवाड्यासमोर संध्याकाळी रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या दुपटीहून थोडा जास्त. ऐकायला काहीच वाटत नाही. पण तीन मीटर सेकंदाला म्हणजे तीन नॅनोमीटर नॅनोसेकंदाला. अर्धा मायक्रोमीटर रुंदीचा डाग दोन्ही कडांनी मिटवायला अडीचशे नॅनोमीटर चालायचं, त्याला ऐंशी-पंच्याऐंशी नॅनोसेकंद पुरतात. डीव्हीडी मूळ गतीनं फिरताना लेझरचा मायक्रोमीटरभर ठिपका एका जागेवर साधारण पावणेतीनशे नॅनोसेकंद असतो. हिशोब जमतो, आणि या चकत्या मुळात चालू शकल्या त्या एवढ्यामुळेच.

हे संयुग इतकं चपळ का, याचं एक कारण त्याच्या रचनेत आहे. लेझरनं होणारा स्फटिक मिठासारखा चौकोनी असतो. एक आड एक जागी टेल्युरियम. उरलेल्या जागांवर जर्मेनियम आणि अँटिमनी हवे तसे मिसळलेले, आणि त्यातही पाचातली एक जागा चक्क रिकामी. इतकी सैल बैठक असली की कुणालाही आपल्या नेमक्या खुर्चीसाठी लांब जावं लागत नाही, जवळची सापडेल ती चालते.

आता तो डाग.

लेझरचा ठिपका सगळीकडे सारखा प्रखर नसतो. मध्यभागी सर्वात तेज, कडेकडे मंद होत जाणारा, घंटेच्या आकारासारखा. कमी पॉवरला मध्यभाग चारशेच्या आसपास पोचतो आणि सुंदर स्फटिक होतो. पॉवर वाढवली की मध्यभाग सहाशेच्या पार जातो, तिथला पदार्थ वितळतो. भोवतीचं कडं मात्र त्या सोयीच्या मधल्या तापमानात असतं, ते स्फटिक होतं. मग लेझर बंद होतो. वितळलेला मध्यभाग थंड होताना परत त्याच चारशे अंशांच्या पट्ट्यातून खाली येतो, तेव्हा तो स्फटिक का होत नाही? कारण तो पट्टा तो काही नॅनोसेकंदांत ओलांडतो. सेकंदाला शंभर कोटी अंशांहून किती तरी जास्त गतीनं पारा घसरत असतो. रांग लावायला उभे राहीपर्यंत अणू गोठून जातात. भोवती खडीसाखर आणि मधे चिक्की, असा तो ठिपका.

थर पातळ हवा तो यासाठीच. तापवणं सोपं जातंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे निववणं सोपं जातं. उष्णतेला अंतर कापायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गानं बदलतो. दुप्पट जाड तर चौपट वेळ. फुलका आणि भाकरी एकाच तव्यावर टाकून बघितली तर अंदाज येतो. एक सेंटिमीटर जाड काचेतून उष्णता पलीकडे पोचायला दोन-तीन मिनिटं लागतात. जाडी लाख पटींनी कमी करून शंभर नॅनोमीटर केली, तर वेळ एक हजार कोटी पटींनी कमी होतो, म्हणजे दहा-वीस नॅनोसेकंद. थर जाड असता तर वितळलेला भाग आतल्या आत रेंगाळत, सावकाश निवला असता आणि आपोआप स्फटिक होऊन बसला असता.

खऱ्या चकतीत म्हणूनच थर एकटा नसतो. वर-खाली झिंक सल्फाइड आणि सिलिकाच्या मिश्रणाचे संरक्षक थर, आणि पाठीमागे ॲल्युमिनियम किंवा चांदीच्या मिश्रधातूचा आरसा. आरसा प्रकाश परत पाठवतो, पण त्याचं दुसरं काम उष्णता ओढून घेण्याचं. मधला संरक्षक थर पातळ ठेवला की उष्णता चटकन धातूत उतरते, जाड ठेवला की थोडी रेंगाळते. फार चटकन उतरली तर तापवायला जास्त पॉवर लागते, फार रेंगाळली तर लिहिलेला डाग काठानं परत मिटतो. या काही नॅनोमीटरच्या जाड्या जुळवण्यात लोकांनी किती वर्षं घालवली असतील याची कल्पना केली की मला त्या अनाम इंजिनिअरांबद्दल फार आदर वाटतो.

लिहिणं-पुसणं मग सरळ आहे. चकतीवरची सगळी पट्टी स्फटिक ठेवायची. लिहायचं तिथे छोटा, जोरदार स्पंद द्यायचा, की अस्फटिक डाग उमटतो. पुसायचं तिथे साधारण अर्ध्या पॉवरनं, पण जास्त वेळ, की डाग मिटतो. वाचताना एखाद्या मिलिवॅटहून कमी, थराला जाग येणार नाही इतपत. स्फटिक भागातून प्रकाश जास्त परत येतो, अस्फटिक भागातून कमी. कारण स्फटिकात शेजारच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सरळ रेषेत सैलसर वाटून घेतलेले असतात आणि प्रकाशाला ते जोरात साद देतात. रांग मोडली की ही साद मंदावते.

हा फरक आमच्या घरानं फार आधी अनुभवला होता, तेव्हा कळला नव्हता इतकंच. वडिलांनी कॉलनीतल्या गणेशोत्सवातलं एक कीर्तन सीडी-आरडब्ल्यूवर उतरवून घेतलं होतं. घरच्या जुन्या प्लेअरवर ती चकती लागेच ना. जेल रोडवरच्या एका दुकानात दाखवली तर चकतीच खराब आहे, फेकून द्या, असं सांगितलं. वडील हिरमुसले होते. चकती खराब नव्हती. छापील सीडी सत्तर टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवते, सीडी-आरडब्ल्यू जेमतेम पंधरा ते पंचवीस टक्के. जुन्या प्लेअरचा डोळा तेवढ्या मंद उजेडासाठी बनलेलाच नव्हता. पुढे कॉम्प्युटरवर ती व्यवस्थित वाजली. ती मी अजून जपून ठेवली आहे. उजेडात तिरकी धरली की लिहिलेला आतला पट्टा आणि कोरा बाहेरचा भाग यांच्या रंगात किंचित फरक दिसतो. तो फरक म्हणजे कोट्यवधी छोटे अस्फटिक डाग.

भाचीला मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी पुस्तकात बहुधा तळटिपेत असते आणि प्रयोग करणाऱ्याला मात्र रोज छळते. तिचा थर मुळात अस्फटिक आहे तो कधी वितळला म्हणून नाही. स्पटरिंगनं थर चढवताना आर्गॉनचे आयन मूळ पदार्थाच्या तुकड्यावर आदळतात, तिथले अणू उडतात आणि थंड काचेवर पडतात तिथेच चिकटतात. नव्या चकतीचंही हेच. म्हणून कारखान्यात ती विकायला पाठवण्याआधी रुंद झोताच्या लेझरखालून सगळी फिरवून स्फटिक करून घ्यावी लागत असे. चकतीच्या आयुष्यातलं लेझरचं पहिलं काम स्फटिक करण्याचं, लिहिणं नंतरचं.

आणि ही पहिली वेळ हट्टी असते. नुकताच चढवलेला थर स्फटिक व्हायला जास्त वेळ घेतो. तोच भाग एकदा स्फटिक होऊन, मग वितळून गोठलेला असेल, तर दुसऱ्यांदा पटकन होतो. कारण वितळून झटकन गोठताना जुन्या शिस्तीचे काही अवशेष आत राहून जातात, आणि भोवती स्फटिकाची कडही आयती असते. धुऊन पुसून लख्ख केलेल्या भांड्यात दही लावणं आणि कालचं दही तळाशी राहिलेल्या भांड्यात लावणं, यात जो फरक तोच. प्रयोगात एकाच जागी दोनदा मोजमाप घेऊन सरासरी काढायची नाही ती यासाठी. दुसऱ्या वेळचा थर हा पहिल्या वेळचा थर नसतो.

चमक वाढली म्हणजे स्फटिक झाला, हे अनुमान आहे. पुरावा हवा तर क्ष-किरणांकडे जावं लागतं. अणूंच्या रांगा असतील तर क्ष-किरण ठराविक कोनांवरच जोरात विखुरतात आणि आलेखावर टोकदार सुळके येतात. रांगा नसतील तर एक बसकं टेकाड. त्यासाठी आम्हा इंदूरकरांना लांब जावं लागत नाही. राजा रामन्ना प्रगत प्रौद्योगिकी केंद्र, ज्याला गावात अजून सगळे कॅटच म्हणतात, १९८४ मध्ये इथे सुरू झालं ते लेझर आणि त्वरक (कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रं) यांच्यासाठीच. तिथल्या इंडस-२ या एकशे साडेबाहत्तर मीटर परिघाच्या वलयात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेऊन त्यांच्यापासून क्ष-किरण मिळवतात, आणि असे पदार्थ तपासायच्या बीमलाइन, म्हणजे क्ष-किरणांचा झोत बाहेर काढून प्रयोग करायच्या जागा, त्यावर आहेत. माझ्या घरापासून हे रिक्षाच्या अंतरावर आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि मुलांना तो वाटावा म्हणून मी प्रयत्न करते.

ही सगळी कल्पना स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की या कॉलेजची पदवी नसलेल्या अमेरिकन संशोधकाची. अशा काचेसारख्या पदार्थांना विजेनं उलटसुलट बदलता येतं हे त्यानं १९६८ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि लेझरनंही तसं करता येतं हे सहकाऱ्यांबरोबर १९७१ मध्ये दाखवलं. पण पुरेसा चपळ आणि तरी टिकाऊ पदार्थ हाती यायला १९८० चं दशक उजाडलं, जपानमध्ये नोबोरू यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियमची ही जात पुढे आणली तेव्हा. चकत्यांचे दिवस आता सरले. पण २०१५ मध्ये ऑक्सफर्ड आणि जर्मनीतल्या संशोधकांनी हाच थर चिपवरच्या प्रकाशवाहिनीवर बसवून प्रकाशानं लिहिणारी, प्रकाशानंच वाचणारी स्मृती करून दाखवली. भाचीचा प्रोजेक्ट त्याच वाटेवरचा आहे.

राहता राहिला तिच्या डागाचा निकाल. काळा डाग अस्फटिक असेलच असं नाही. पॉवर फार झाली तर थर तिथून उडून जातो आणि खालची काच उघडी पडते, तीही काळीच दिसते. फोटोवरून ओळखणं कठीण. पण एक सोपी परीक्षा आहे. त्याच डागावर पुन्हा लेझर पाडायचा, या वेळी पॉवर अर्ध्याहून कमी आणि वेळ दहापट. चिक्की असेल तर तिची खडीसाखर होईल, भोक असेल तर काहीच होणार नाही.

भोगीच्या दिवशी तिनं फोटो पाठवला. चारपैकी तीन डाग भरून आले होते, ठिपके काठापासून मधापर्यंत सारखे चमकत होते. चौथा काळाच राहिला. तिथे थरच उरला नव्हता.